थ्रीडी रेंडरिंग खऱ्यासारखं दिसायला लागलं ते कुठल्या शोधामुळं? आणि आता सगळं सॉफ्टवेअरच करत असेल तर हे शिकण्यात अर्थ आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात सिव्हिलचा डिप्लोमा करताय आणि मामा म्हणतात, "आता बटण दाबलं की फोटो येतो, त्यात शिकायचं काय?" मामांवर राग नाही. सांगलीत न बांधलेल्या इमारतींची अशी संगणकावरची चित्रं काढायचा धंदा करताना हेच वाक्य मी बिल्डरकडून, आर्किटेक्टकडून, फ्लेक्सवाल्याकडून आणि सख्ख्या मेव्हण्याकडून ऐकलंय. पण बटण दाबल्यावर जो सूर्य उगवतो तो कुठल्या दिशेला उगवतो यावरून माझी एक भागीदारी मोडली आहे. त्यामुळं उत्तर लांबणार.

शोधाचं आधी उरकतो. जाणती माणसं तुम्हाला कजियाचं नाव सांगतील. जेम्स कजिया, अमेरिकेतली कॅलटेक संस्था, १९८६. एखाद्या बिंदूवरून डोळ्याकडं येणारा प्रकाश म्हणजे तो बिंदू स्वतः फेकतो तो, अधिक बाकी सगळीकडून त्याच्यावर येऊन उसळतो तो. आणि त्या 'बाकी सगळीकडच्या' प्रकाशाचा हिशोब करायला पुन्हा तेच गणित. हे सगळं त्यानं एका समीकरणात बसवलं, आणि ते सोडवायला किरण यदृच्छेनं उडवत न्यायची पाथ ट्रेसिंगची रीतही त्याच पेपरात दिली. आज चित्र काढणारं सॉफ्टवेअर सायकल्स घ्या, व्ही-रे घ्या, पोटात तेच आहे. परीक्षेत विचारलं तर हेच लिहा.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत मोठं काम कॉर्नेल विद्यापीठातल्या एका खोक्यानं केलं. १९८४ साली गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी उष्णतेच्या देवाणघेवाणीचं इंजिनिअरिंगमधलं गणित उचलून प्रकाशाला लावलं, तीच रेडिऑसिटी. लाल भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो, हे गणितातून आलेल्या चित्रात दिसायला लागलं. पण खरी गोष्ट त्यापुढची. १९८६ मध्ये तिथल्याच मंडळींनी खरोखरीचं खोकं बनवलं, आत दिवा लावला, प्रकाश मोजला, आणि खोकं व संगणकाचं चित्र लोकांना शेजारी शेजारी दाखवून विचारलं, यातलं खरं कुठलं? लोकांची उत्तरं निव्वळ अंदाजापेक्षा चांगली निघाली नाहीत. चित्र खऱ्याच्या शेजारी ठेवून तपासायचं, एवढंच. आमच्या धंद्यात नेमकं तेवढंच कोणी करत नाही.

आता भागीदाराची गोष्ट. मिरजेचा गडी, मॉडेलिंगचा हात असा की दुपारी प्लॅन आला की रात्री इमारत उभी. लायटिंग आणि मटेरियल माझ्याकडं. रेरा यायच्या आधीची गोष्ट आहे. विश्रामबागच्या पुढं मिरज रस्त्याच्या बाजूला एका अपार्टमेंटचं काम आलं. दर्शनी बाजू उत्तरेला, सगळ्या गॅलऱ्या उत्तरेला. मी सांगलीचा अक्षांश घातला, १६.८५, आणि डिसेंबरातली सकाळ घेतली. डिसेंबरात आपल्याकडं भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला पन्नासेक अंशांवर असतो, त्यामुळं दर्शनी भिंतीवर ऊन नाही. पण सावली म्हणजे काळोख नव्हे हो. रस्त्यापलीकडं एका बंगल्याचं पिवळं कंपाउंड होतं, त्यावर लख्ख ऊन. तो पिवळेपणा उसळून आमच्या छज्ज्यांच्या खालच्या अंगाला चढला होता, आणि वरून आभाळाचा निळसरपणा. मशिन रात्रभर चालू ठेवलं होतं. (पाथ ट्रेसिंगच्या चित्रात वाळूसारखे दिसणारे दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट सोडावे लागतात, हे तुम्हाला माहीत असेलच.) सकाळी चित्र बघून मी दुसरा चहा मागवला. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचित झालंय.

शेठनी ते व्हॉट्सॲपवर पाहिलं, बहुतेक साइटवर उन्हात उभं राहून. फोन आला, "काय ओ, बिल्डिंगला ग्रहण लागलंय का?"

यात जेपीईजीचाही हात होता. जेपीईजी म्हणजे फोटो दाबून लहान करायची रीत, १९९२ ची, पण तिचा गाभा म्हणजे १९७४ साली नासिर अहमद, नटराजन आणि राव यांनी मांडलेलं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, चित्र लहानमोठ्या लाटांत मोडायचं गणित. अहमद मूळचे बंगळूरचे. या कल्पनेवर काम करायला त्यांनी मागितलेलं सरकारी अनुदान अमेरिकेत नाकारलं गेलं होतं, आणि आज जगातले बहुतेक फोटो त्या कल्पनेवर चालतात. तर डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत असे बारीक चढउतार त्यात टाकून दिले जातात. त्यावर व्हॉट्सॲप चित्र आणखी दाबतं. माझ्या सावलीतला सगळा जीव त्या बारीक चढउतारांतच होता. त्यांची चौकोनी ठिगळं झाली. मी म्हटलं, शेठ, ऑफिसला येऊन मॉनिटरवर बघा. ते कशाला येतात!

मी जेवायला घरी गेलो आणि परत आलो तर चित्रात भिंतीवर सोनेरी ऊन. भागीदारानं उत्तर दिशा फिरवून टाकली होती. म्हणाला, "सूर्य फिरवला जरा. कोण होकायंत्र घेऊन बघाय येतंय?" वर दोन माडाची झाडं आणि रस्त्यावर एक गोरं कुटुंब, हातात फुगा घेतलेल्या पोरासकट. शेठ खूश. फ्लेक्स लागला, ब्रोशर छापलं, बुकिंग झालं.

ताबा मिळाल्यावर काही दिवसांनी एक काकू ऑफिसात आल्या. निवृत्त शिक्षिका. ब्रोशरच्या कोपऱ्यात आमचं नाव होतं म्हणून शोधत आलेल्या. पान उघडून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "या गॅलरीत हे ऊन किती वाजता येतं? मला कुरडया घालायच्यात." भागीदार सावरून म्हणाला, "काकू, ते कल्पनाचित्र असतंय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा." काकू म्हणाल्या, "बारीक अक्षर वाचायलाच मला ऊन लागतं रे बाळा."

त्या रात्री आमचं वाजलं. आणि त्याचा मुद्दा बिनडोक नव्हता, म्हणूनच तो अजून डोक्यात आहे. नव्या पोरांना शिकवताना युटा विद्यापीठातल्या फाँगच्या जुन्या रीतीबद्दल मी जे बोलायचो तेच त्यानं माझ्यावर फेकलं. "फाँगनं काय केलं? कोसाइनचा घात वाढवत नेला आणि चकाकी काढली. ते काय भौतिकशास्त्र होतं? दिसायला बरं दिसलं म्हणून चाललं. आणि ते अँबियंट? सावली काळी पडू नये म्हणून सगळीकडं सारखा फासलेला उजेड. तुझे युटावाले पण फसवतच होते की. कॅमेरा तरी कुठं खरं बोलतोय? एका पिक्सेलला एकच रंग मोजतोय, बाकीचे दोन अंदाजानं भरतोय."

शेवटचं अगदी खरं आहे. कोडॅकच्या ब्राइस बायरचं १९७६ सालचं पेटंट. दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी सेन्सरवर जाळी. तुमच्या फोनमधल्या फोटोतले दोन तृतीयांश रंग मोजलेले नाहीत, भरलेले आहेत. त्या रात्री मी नुसता ओरडलो. उत्तर इथं देतो, तो हे वाचतो असं मला कळलंय.

बुई तुओंग फाँग हा व्हिएतनामचा माणूस, युटा विद्यापीठात १९७३ ला प्रबंध, १९७५ ला पेपर छापून आला आणि त्याच वर्षी तरुणपणीच वारला. त्या काळच्या मशिनला जेवढं झेपेल तेवढं त्यानं केलं. त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येकानं काय केलं ते बघ. १९८० ला बेल लॅबच्या टर्नर व्हिटेडनं आरशातलं प्रतिबिंब आणि काचेतून वळणारा किरण खरोखर मागं शोधत नेला. काचेच्या गोळ्यांच्या त्या एका चित्राला तेव्हा ७४ मिनिटं लागली. कुक आणि टॉरन्स यांनी धातूला धातूसारखं चमकवलं, नाहीतर तोवर तांब्याचं भांडंही प्लॅस्टिकचं वाटायचं. १९८४ ला कुक, पोर्टर, कार्पेंटर यांनी सावलीच्या कडा मऊ केल्या. सगळीकडं फासलेला तो अँबियंट रेडिऑसिटीनं आणि कजियानं घालवला. २००१ मध्ये येन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रकाश कातडीच्या, दुधाच्या, संगमरवराच्या आत शिरून दुसरीकडून बाहेर पडतो त्याचं सोपं, झटपट होणारं गणित दिलं. म्हणजे एकेकानं एकेक फसवणूक काढून टाकली. तू एक परत घातलीस, तीही सूर्याएवढी.

आणि बायरची जाळी अंदाज बांधते तो शेजारच्या मोजलेल्या पिक्सेलवरून. गिऱ्हाईकाला काय आवडेल यावरून नाही.

मोजलेल्या प्रकाशावरून चित्र उभं करायचं, हे पॉल डेबेव्हेक या संशोधकानं फार सुंदर करून दाखवलं. त्यानं १९९७ मध्ये जितेंद्र मलिक यांच्याबरोबर (आयआयटी कानपूरचे विद्यार्थी) एकाच जागेचे कमीजास्त एक्स्पोजरचे, म्हणजे कमीजास्त प्रकाश आत घेऊन काढलेले, फोटो जोडून तिथला खरा प्रकाश, ऊन ते सावली, सगळा पल्ला एका चित्रात कसा पकडायचा ते सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच प्रकाशानं खोट्या वस्तू उजळून दाखवल्या. मी आज साइटवर जातो ते कॅमेरा, तिवई आणि एक चकचकीत स्टीलचा गोळा घेऊन, चारी बाजूंचा प्रकाश त्यात टिपायला. वॉचमन हसतो. हसू दे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. २०१७ च्या सुमारास एआयचे डिनॉइझर, म्हणजे दाणे पुसणारे, आले. ते थोड्याच किरणांवरून उरलेलं चित्र भरतात. ते मी रोज वापरतो, कारण ते शेजारी मोजलेल्या किरणांवरून भरतात. पण चार ओळी लिहिल्या की अख्खी इमारत काढून देणारं जे एआय आहे त्याला तुमचा प्लॉट कुठं आहे, उत्तर कुठली, समोर कंपाउंड आहे की ओढा, काही माहीत नसतं. त्यानं बघितलेल्या चित्रांत ऊन असतं म्हणून ते ऊन घालतं. माझा जुना भागीदार फुकटात मिळाला असं समजा. मामांचं बटण ते हेच.

म्हणून शिका. पण सॉफ्टवेअरचे मेन्यू पाठ करायला क्लास लावू नका. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. घरातला एक पांढरा डबा आणि एक रंगीत डबा खिडकीत ठेवा, फोटो काढा, मग तसाच्या तसा देखावा मॉडेल करून फोटोशेजारी ठेवा. जुळत नाही तोवर पुढं जाऊ नका. कॅमेरा मॅन्युअलवर चालवायला शिका, नाहीतर एक्स्पोजर कशाशी खातात ते कळत नाही. गॅमाचा, म्हणजे फाइलमधला आकडा आणि पडद्यावरचा उजेड यांच्या नात्याचा, विषय कंटाळवाणा आहे, तरी एकदा नीट वाचा. अर्ध्या लोकांची रेंडरं राखाडी दिसतात ती त्यामुळं. आणि कुठल्याही इमारतीचं काम घेताना प्लॅनवरचा उत्तरेचा बाण आधी बघा. तुम्ही साताऱ्याचे, तुमचं गाव अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेला पसरलंय. हिवाळ्यात पायथ्याच्या घरांवर किल्ल्याची सावली लवकर उतरते हे तुम्हाला मी सांगायला नको.

सिनेमात जायचं असेल तर यातलं बरंच सोडून द्या. तिथं दिवे सर्रास खोट्या जागी ठेवतात आणि ठेवावेतच, त्या चित्राकडं बघून कोणी गृहकर्ज काढत नाही. आणखी एक, सांगलीत उत्तरेच्या भिंतीला वर्षभर ऊन मिळत नाही असं समजू नका. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो भर दुपारी थोडा उत्तरेलाच असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणंही येतात. पण भिंतीला चाटून जाणारं ऊन वेगळं आणि कुरडया वाळवणारं वेगळं, आणि जून-जुलैत आपल्याकडं आभाळ कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भागीदारानं त्या रात्री हा मुद्दा काढला असता तर मला दोन मिनिटं विचार करावा लागला असता. त्याला सुचला नाही.

आता २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ आहे. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर घेणारा भरपाई मागू शकतो, व्याजासकट पैसे परतही मागू शकतो. जबाबदारी बिल्डरची, तुमची नाही. पण "सूर्य फिरवा" असा निरोप आला तर तो लेखी मागून घ्या. मी मागतो. त्यानंतर बहुतेक वेळा निरोप बदलतो, कधीकधी काम जातं. भागीदाराकडं आज माझ्या दुप्पट कामं आहेत, हेही मामांना सांगा.

लॅपटॉप कुठला घ्यावा हेही विचारलंय तुम्ही. ग्राफिक कार्डाचा वेग बघण्याआधी त्याची स्वतःची मेमरी बघा. देखावा त्यात मावला नाही तर वेगाचा उपयोग नाही. ८ जीबीच्या खाली जाऊ नका. पैसे नसतील तर डिप्लोमा होईस्तोवर कॉलेजच्या लॅबवर भागवा, आणि पहिलं काम मिळालं की निम्मे पैसे आगाऊ घ्या.