पाटा वाढवावा की पोती हलवावीत?

प्रश्न : आमच्या पिकअपला दोनचाकी ट्रॉली जोडून आम्ही सोयाबीन लातूरच्या बाजारात नेतो. ट्रॉली जोडली की गाडी मागे बसते, स्टिअरिंग हलके लागते आणि रात्री समोरचे वाहनचालक डिपर मारतात. गॅरेजवाले मागच्या स्प्रिंगमध्ये दोन्ही बाजूंना एकेक पाटा (पोलादी पट्टी) वाढवायला सांगतात. वाढवावा का?
— एक वाचक, रेणापूर (जि. लातूर)

उत्तर : पाटा वाढवल्यास गाडी सरळ दिसेल आणि दिव्यांचा झोतही खाली येईल; स्टिअरिंगची तक्रार मात्र बहुतांशी तशीच राहील. ट्रॉली जोडायचा हुक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्यामुळे त्यावरचे वजन पुढची चाके उचलू पाहते. समजा, हुकवर १५० किलो भार आहे, दोन्ही अ‍ॅक्सलमधले अंतर ३ मीटर आहे आणि हुक मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे आहे. अशा वेळी मागच्या अ‍ॅक्सलवर २१० किलो वाढतात व पुढच्या अ‍ॅक्सलवरचे ६० किलो कमी होतात. पाटा घाला किंवा स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी (एअर बॅग) बसवा, हे ६० किलो पुढे परत येत नाहीत. ते परत आणणारा स्प्रिंगदांड्यांचा हुक असतो, पण त्यासाठी गाडीची चौकट व ट्रॉलीची दांडी दोन्ही तशाच मजबूत लागतात.

म्हणून आधी वजनकाट्यावर जावे. रिकाम्या पिकअपचे वजन करून, मग भरलेली ट्रॉली जोडून तिची चाके काट्याबाहेर ठेवावीत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकवरचा भार. भरलेल्या ट्रॉलीच्या १० ते १५ टक्के इतका तो असावा, म्हणजे १,२०० किलोला १२० ते १८० किलो. हुकवरचा भार यापेक्षा जास्त निघाल्यास पुढची काही पोती ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलवर सरकवावीत. मात्र हुक हलका करण्याच्या नादात ती अ‍ॅक्सलच्या मागे रचू नयेत, कारण मागे जड झालेली ट्रॉली वेगात डावी-उजवी झुलू लागते आणि हा धोका गाडी बसण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. पिकअपच्या हौद्यातही माल असेल, तर तो केबिनला टेकवून ठेवावा. वळताना ट्रॉली गाडीला घासणार नसेल, तर हुक आत घेणेही फायद्याचे. वरच्या उदाहरणात तो ०.९ मीटरवर आणल्यास पुढची घट ४५ किलोंवर येते.

एवढे करूनही गाडी बसत असेल, तर पाटे तपासावेत. बाक गेलेला किंवा तडा असलेला पाटा बदलणे योग्यच. परंतु जादा पाट्याने अ‍ॅक्सल, बेअरिंग व टायर यांची क्षमता वाढत नाही आणि आरसी बुकातली वजनमर्यादाही बदलत नाही. रिकामी गाडी मात्र खड्ड्यांत अधिक उसळेल.