टपावरचा कॅरिअर आणि हवेचा अडथळा

प्रश्न : माझ्या गाडीच्या टपावर सामानाचा कॅरिअर कायम बसवलेला असतो. कोथरूड ते हडपसर या रोजच्या प्रवासात काही फरक जाणवत नाही. द्रुतगती मार्गाने मुंबईला जाताना मात्र अ‍ॅव्हरेज घटते. असे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ५० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास तो चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तर आठपट होते. कर्वे रस्त्याच्या गर्दीत इंधन खर्च होते ते मुख्यतः पुन्हापुन्हा थांबून वेग घेण्यात. तिथे कॅरिअर निरुपद्रवी वाटणे स्वाभाविक आहे.

गाडीचे नाक टोकदार केले की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात गाडीमागे हवा पृष्ठभागापासून सुटून भोवरे निर्माण होतात, तिथला दाब कमी होतो आणि गाडी जणू मागे ओढली जाते. म्हणून अभिकल्पक मागचा उतार हळुवार ठेवतात आणि तळही सपाट करतात. हे ज्ञान नवे नाही. अभियंते एडमुंड रुम्पलर यांनी १९२१ मध्ये बर्लिनमध्ये मांडलेल्या थेंबाच्या आकाराच्या मोटारीचा रोध गुणांक (आकारामुळे हवेचा अडथळा किती होतो ते सांगणारा आकडा; जितका कमी तितका चांगला) पुढे वातबोगद्यात, म्हणजे वाहनावर वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, सुमारे ०.२८ भरला, जो आजच्या अनेक गाड्यांनाही साधत नाही.

कॅरिअरचे दांडे असेच भोवरे निर्माण करतात, शिवाय हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळही वाढवतात. सामान नसेल तेव्हा तो काढून ठेवावा.