‘पेटवा’ कुणाला सांगतोस?

जय भीम पोरा,

तुझा कागद परत पाठवतोय. शेवटच्या कडव्यावर तर्रीचा लाल डाग पडलाय, तो माझा. पोह्यांच्या गाडीवर उभ्याउभ्या वाचत होतो. कविता जबर झालीय. गटारातून वर आलेल्या माणसाच्या कानामागे सुकलेला चिखल तू दाखवलास, तिथे माझा चमचा थांबला. पुढे मात्र रांगच लागली: उठा, फोडा, पेटवा. सात आज्ञार्थ मोजले. (मास्तरकी सुटली, सवय नाही सुटली.)

हे ‘पेटवा’ तू कुणाला सांगतोस रे?

नामांतराच्या दिवसांत मीही असाच कागद घेऊन इथे नागपुरात इंदोऱ्याच्या चौकात उभा होतो. २७ जुलै १९७८ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि तिकडे आपल्या वस्त्या जळाल्या. बातम्या वाचून डोळ्याला डोळा लागत नव्हता. माईकवर घसा फाटेस्तोवर ओरडलो, टाळ्या घेतल्या आणि सायकल काढून घरी जेवायला गेलो. लाठ्या पडल्या त्या नंतर. गल्लीतल्या सोळा वर्षांच्या पोराचं मनगट मोडलं. आज तो पंक्चरचं दुकान चालवतो, पाना डाव्या हातानं धरतो. मला कधी बोल लावला नाही. उलट म्हणतो, “मास्तर, काय कविता होती बाप्पा तुमची!” तेच जास्त लागतं.

म्हणून मी अहिंसेची माळ जपत बसलोय असं समजू नकोस. इथून दोन-अडीच तासांवर चिमूर आहे. तुकडोजी महाराजांच्या भजनात झाडझुडपांची शस्त्रं होतात, दगडांचे बॉम्ब होतात. १९४२च्या ऑगस्टात चिमूर ते भजन गात होतं. १६ तारखेला गोळीबार झाला, लोक खवळले, सरकारी अधिकारी मारले गेले. मग लष्कर आलं आणि त्याचा सूड बायकांवर उगवला. महाराज स्वतः तुरुंगात गेले. ही गोष्ट मी माझ्या त्या सायकलीशी ताडून पाहतो आणि गप्प बसतो.

पुढची हकीकत तुझ्या कामाची आहे. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. सरकारनं त्याच्या बातम्याच छापू दिल्या नाहीत. कारण उपाशी माणूस चार लोकांना दिसला तरच समोरच्याला अडचण होते. आता तुझ्या कवितेतला माणूस घे. ज्याची उपासमार रोजचीच, त्याच्या उपोषणाचे दिवस कोण मोजणार? अहिंसा मला तिथे तोकडी पडताना दिसते. तुझा राग तिथूनच आलाय, आणि तो खोटा नाही.

वादात कुणीतरी बाबासाहेबांचं अर्धं वाक्य तुझ्यावर फेकेल. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी रक्तरंजित मार्गाबरोबर सत्याग्रहही सोडायला सांगितला, हे खरं. पण का, तर आता सनदशीर मार्ग खुले झालेत म्हणून. ते नव्हते तेव्हाची गोष्ट वेगळी, हेही ते त्याच भाषणात बोलले. अख्खं भाषण वाच. दीक्षाभूमीजवळच्या दुकानांत सहज मिळतं.

महाडलाही बघ. मार्च १९२७मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल आपल्या लोकांना झोडपलं. चिडलेल्या माणसांना उलटून हात उचलू नका असं बाबासाहेबांनी सांगितलं, आणि ते तिथे, त्या गावात असताना सांगितलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्यांनी पेटवलं, ते पुस्तक. मनुस्मृती कुणाचा मुलगा नव्हती.

तर आता कवितेचं. सातातले पाच आज्ञार्थ काढ. उरलेले दोन ‘आपण’ लावून वाचून बघ. ‘आपण पेटवू’ म्हणताना जीभ अडखळली तर तोही काढ. चिखलाला हात लावू नकोस, मऊ करायला तर मुळीच नको. कुणी संपादक ‘फार भडक आहे’ म्हणाला तर कागद उचलून परत ये. ‘क्रांतीचा सूर्य’ मात्र माझ्या वयाच्या लोकांनी वापरून वापरून पार विझवलाय, तो काढून टाक.

वाचन कधी ठरलं ते कळव. पंक्चरवाल्यालाही घेऊन येतो, त्याला कविता आवडतात.

तुझा,
मास्तर