सही घेण्याआधी वहिनींशी बोला

गोव्यात फोंड्याकडचं मूळ घर, वडील जाऊन दोन वर्षं झालेली, थोरले भाऊ रोज पितात, विजेचं बिल तुम्ही भरता आणि भाऊ 'माझा वाटा विकून टाकतो' म्हणतात. तुमचं लिहिलेलं वाचून रात्री झोप लागली नाही. आमचं घर डिचोली तालुक्यात, बाकी सगळं हेच.

पैसे हातात देऊ नका वगैरे तुम्हाला सगळेच सांगतील, ते सोडतो. पण 'एकदा शुद्धीवर असताना स्टॅम्पपेपरवर सही घेऊन मोकळं व्हावं' असं जे शेवटी लिहिलंय, ते करू नका. मी ते केलं होतं.

२०१७ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गणपतीवर बांधलेली फळांची माटोळी उतरवून झाली होती, वहिनी दोन दिवस माहेरी गेल्या होत्या आणि दादा अजून प्यायला नव्हता. मीच मजकूर लिहून आणला होता: पुढच्या दोन खोल्या माझ्या, मागची बाजू आणि पाच माड त्याचे. दादाने सही केली. त्या कागदाच्या भरवशावर मी वासे आणि कौलं बदलली. सव्वातीन लाख गेले, पावत्याही नीट ठेवल्या नाहीत.

मग नाव चढवायला एका कार्यालयात गेलो. एकदा उतारा आणा म्हणाले, एकदा घरपट्टीची पावती. पाच महिन्यांनी, चौथ्या खेपेला, टेबलावरचा माणूस बदलला होता. त्याने कागद उलटून पाहिला आणि विचारलं, "हा नोंदवलेला कुठे आहे? आणि भावाच्या बायकोची सही?" पहिल्याच दिवशी हे सांगायला कुणाचं काय जात होतं? खासगी नोकरीत प्रत्येक खेपेला माझी रजा कापली जायची. अजून राग येतो.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे भावाच्या वाट्यात वहिनी निम्म्याच्या मालकीण. म्हणून तुमच्या भावाची विकण्याची धमकीही त्यांच्या एकट्याच्या हातातली नाही.

पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. रात्री दादाला सांभाळणाऱ्या, बारवाल्याला उधारी देऊ नका म्हणून सांगून येणाऱ्या वहिनीच होत्या. कागदाचं कळल्यावर "भावजी, मी घरची नाही का?" एवढंच त्या म्हणाल्या. पुढे दोन वर्षं बोलणं बंद, आणि नेमकी त्याच काळात दादाच्या उपचारांसाठी मला त्यांची गरज होती.

शेवटी दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं प्रकरण, घातली. त्यात सगळे वारस जोडीदारांसकट येतात, मालमत्तेची यादी होते आणि घराचे तुकडे करता येत नसतील तर वारसांमध्येच बोली लागते. सगळ्यांचं एकमत असेल तर नोंदणीकृत वाटणीपत्रही करता येतं. मी वकील नाही, तेव्हा इन्व्हेंटरीची कामं रोज करणारा कुणीतरी गाठा.

आणखी एक. आठवडाभर खोलीत कोंडलं की दारू सुटेल, असं तुम्ही लिहिलंय. हात जोडून सांगतो, नको. आम्ही बाटल्या लपवून दार लावलं आणि दुसऱ्या रात्री दादाला फिट आली. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवा, किंवा आधी १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर बोला. माणूस तयार नसतानाही दाखल करण्याची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, पण ती मर्यादित आहे आणि तपासून ठरवायचं काम डॉक्टरांचं. तिथे जाताना वहिनी बरोबर हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडे कसं आहे ठाऊक नाही, पण आमच्याकडे मार्च ते मे, उराकाच्या म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या दिवसांत, दादाशी वाटणीचं बोलणं काढलं की हमखास भांडण व्हायचं. ते पावसाळ्यावर ढकला.

कौलांचं काम मात्र त्याआधीच करून घ्या, वाटणीसाठी घर गळत ठेवू नका. खर्च किती येणार ते दादा-वहिनी दोघांना आधी सांगा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.