बेस अ‍ॅम्पमधली घूं-घूं : अ‍ॅम्प उघडण्याआधी काय तपासावे

आपण लिहिले आहे की काहीही वाजवत नसताना बेस गिटारच्या अ‍ॅम्पमधून सतत घूं असा आवाज येतो, तारांवर हात ठेवला की तो बराच कमी होतो, आणि सरावासाठी लॅपटॉप जोडला की त्यात बारीक किरकिर मिसळते. अशा वेळी अ‍ॅम्प दुरुस्तीला द्यावा का? माझ्या मते इतक्यात देऊ नये. या तीनपैकी एकाही लक्षणावरून अ‍ॅम्प बिघडला आहे असे म्हणता येत नाही.

सर्वप्रथम बेसची केबल अ‍ॅम्पच्या बाजूने काढा. ती अ‍ॅम्पला तशीच ठेवून दुसरे टोक मोकळे सोडू नका, कारण मोकळी केबल अँटेनासारखी वागते आणि त्या चाचणीतून काहीच कळत नाही. बहुतेक अ‍ॅम्पच्या इनपुट जॅकमध्ये अशी सोय असते की केबल निघताच इनपुट आतल्या आत ग्राउंडला जोडले जाते, त्यामुळे उरतो तो अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज. घूं थांबली, तर शोध बेस, केबल आणि पेडल यांच्यात घ्यायचा. न थांबल्यास गेन (सुरुवातीला सिग्नल वाढवणारा नॉब) आणि मास्टर (शेवटी एकूण आवाज ठरवणारा नॉब) आळीपाळीने फिरवा: गेनबरोबर वाढणारा आवाज प्रीअ‍ॅम्पच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या विभागाच्या) सुरुवातीच्या भागातला असतो, फक्त मास्टरबरोबर बदलणारा त्या दोन नॉबच्या मधल्या भागातला, आणि दोन्ही शून्यावर असतानाही तसाच राहणारा पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा विभाग) किंवा वीजपुरवठ्याच्या भागातला.

बेस वाजवणाऱ्याकडे आणखी एक उत्तम साधन असते, ते म्हणजे सुराची ओळख. वीज ५० हर्ट्झची असेल, तर तिची घूं ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरच्या जी स्वराच्या (४९ हर्ट्झ) किंचित वर ऐकू येते. तीच १०० हर्ट्झची असेल, तर मोकळ्या जी तारेच्या (९८ हर्ट्झ) जवळ. ६० हर्ट्झच्या विजेवर हेच दोन आवाज बी स्वराच्या थोडे खाली पडतात. खालचा, मऊ आवाज बहुधा जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून पिकअपमध्ये (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकीय कॉइलमध्ये) शिरलेला असतो. वरचा, काहीसा खरखरीत आणि नॉबना दाद न देणारा आवाज असेल, तर वीजपुरवठ्यातले जुने झालेले फिल्टर कपॅसिटर (वीज सुरळीत करणारे भाग) हा पहिला संशय घ्यावा.

आता तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो त्याविषयी. आपले शरीर आसपासच्या वायरिंगचे विद्युत क्षेत्र गोळा करून पिकअपपर्यंत पोहोचवत असते, आणि तारांना स्पर्श होताच ते ग्राउंडला जोडले जाते. म्हणजे तारांचे ग्राउंडिंग शाबूत आहे आणि बेसच्या वायरिंगच्या पोकळीतले शिल्डिंग (विद्युत क्षेत्र अडवणारे आवरण) अपुरे आहे; पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडल्यास बराच फरक पडेल. उलट, स्पर्शाने आवाज वाढला असता, तर जॅकवरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे का, हे मी आधी पाहायला सांगितले असते. मात्र तांब्याची पट्टी चुंबकीय क्षेत्रातून येणारी घूं अडवत नाही. ती ओळखायची असेल, तर बेस हातात धरून जागीच वळा. दिशेप्रमाणे आवाज कमी-जास्त झाला, तर तो सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा स्वभाव आहे. जॅझ बेसच्या धर्तीचे दोन पिकअप असतील आणि ते एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतील, तर दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवताच ही घूं जवळपास नाहीशी होते.

लॅपटॉपची किरकिर ही बहुतेक वेळा ग्राउंड लूपमुळे, म्हणजे दोन उपकरणांची ग्राउंड एकापेक्षा जास्त वाटांनी जोडली गेल्यामुळे, येते. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. किरकिर गेली, तर लॅपटॉप आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल पुढे देऊन थेट विद्युत जोडणी तोडणारी छोटी पेटी) घाला. कोणी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगेल. ते कृपा करून कधीही करू नका. तारा अ‍ॅम्पच्या चॅसिसला जोडलेल्या असतात, आणि आत दोष उद्भवला तर अर्थिंगअभावी तो प्रवाह वाजवणाऱ्याच्या हातातून वाट काढतो. स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली स्वानसी येथे मंचावर असतानाच अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावले. डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण वेगळे आहे. ते फक्त सिग्नलच्या केबलचे ग्राउंड तोडते.

आवाज मधूनमधून तुटत किंवा खरखरत असेल, तर इफेक्ट्स लूपच्या (पेडल जोडण्यासाठी असलेल्या जॅकच्या जोडीच्या) सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावून पाहा. माझ्या एका अ‍ॅम्पमध्ये मी कित्येक आठवडे बेसवर संशय घेत होतो, आणि दोष निघाला तो रिटर्न जॅकच्या मळलेल्या संपर्कपट्टीत. विशिष्ट स्वरावरच खडखड होत असेल, तर ग्रिल, हँडल आणि स्पीकरचे स्क्रू हाताने दाबून पाहा. नुसती सळसळ असेल, तर ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) कमी करा. थोडी सळसळ प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये असतेच.

केबल काढूनही घूं राहत असेल, तरच अ‍ॅम्प तंत्रज्ञाकडे न्या, आणि कोणत्या नॉबला आवाज कसा दाद देतो, तो कोणत्या स्वराजवळ आहे, हे लिहून सोबत द्या. स्वतः उघडू नका. विशेषतः व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.