माझ्या बहिणीचे वजन ४७ किलो आहे. मोटरसायकल शर्यतीत तिचा निभाव लागेल का?

आपण लिहिले आहे की बहीण वीस वर्षांची आहे, आपण डोंबिवलीत राहता, तिला मोटरसायकल शर्यतींतच करिअर करायचे आहे, आणि घरच्यांची शंका अशी की एवढ्याशा वजनाच्या मुलीच्या अंगात गाडी आवरण्याइतकी ताकद असते का. पैशाचा प्रश्नही आपण विचारला आहे आणि त्याकडे मी शेवटी येईन. पण वजनाचा उल्लेख वाचल्यावर मला गप्प बसवेना, कारण याच विषयावर माझे आणि माझ्या मामाचे भांडण गेली कित्येक वर्षे दर दिवाळीला नव्याने होते.

मी शर्यतीत उतरत असे तेव्हा ४६ किलोंची होते. मामाचे माझगावात गॅरेज होते आणि गाडी मी तिथेच शिकले. मुंबईत शर्यतीचा ट्रॅक नाही, त्यामुळे सराव असो वा शर्यत, चेन्नई गाठावी लागत असे. सरावासाठी माझी स्वतःची गाडी रेल्वेच्या पार्सलमध्ये जायची, टाकी रिकामी करून आणि गोणपाटात शिवून. शर्यत मात्र एकाच कंपनीच्या, एकसारख्या गाड्यांची असे. इरुंगट्टुकोट्टईचा तो ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक तेव्हा मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणून ओळखला जात असे. तिथे नवोदितांच्या सहा फेऱ्यांच्या एका शर्यतीत, मुलगे आणि मुली एकत्र असताना, मी तिसरी आले. खाली उतरते न उतरते तोच चौथ्या क्रमांकाचा मुलगा म्हणाला, ‘हिचं वजनच नाही, सरळ पट्ट्यावर गाडी पळणारच.’ त्याचे मला काही वाटले नाही. वाटले ते याचे, की शेजारी पाना हातात घेऊन उभ्या असलेल्या मामाने मान डोलावली.

परतीच्या प्रवासात सोलापूर येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. नंतर मामाने स्वतःहूनच तोडगा काढला. भाऊच्या धक्क्यावरून त्याने मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजने आणली, शेजारच्या सीट कव्हरवाल्याकडून रेक्झिनच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या आणि पुढच्या सरावाच्या दिवशी माझ्या गाडीच्या सीटखाली नऊ किलो शिसे बांधले. शिशाशिवाय माझी सर्वांत चांगली फेरी २ मिनिटे १६.४ सेकंदांची होती, शिशासह ती २ मिनिटे १७.३ सेकंदांची झाली. म्हणजे फेरीमागे ०.९ सेकंद, सहा फेऱ्यांत ५.४ सेकंद. त्या शर्यतीत चौथा मुलगा माझ्यामागे सात सेकंदांवर होता, म्हणजे नऊ किलो जास्त असूनही मी तिसरीच आले असते. हा हिशोब मी मामासमोर बिलाच्या पाठीवर मांडला, तेव्हा तो म्हणाला, ‘शिसं आणि अंग यांत फरक आहे. शिसं एका जागी पडून राहतं. जड माणूस वळणात अंग टाकतो, ब्रेकला गाडी दाबून धरतो, तिला रेटतो.’ मी म्हटले, ‘मग जड असण्याचा फायदाच झाला की! हलकेपणाची सूट मला मिळाली कुठे?’ त्यावर त्याने चहा मागवला. भांडण आजही तिथेच आहे, आणि माझ्या मते ते मी त्याच दिवशी जिंकले होते.

वजनाचे हे शस्त्र फार जुने आहे आणि ते दोन्ही बाजूंनी चालवले जाते. १९६२ मध्ये बेरिल स्वेन ही ब्रिटिश बाई आइल ऑफ मॅन बेटाच्या रस्त्यांवर होणाऱ्या टीटी शर्यतीत ५० सीसी वर्गात एकटीने गाडी चालवणारी पहिली स्त्री ठरली आणि २२ व्या क्रमांकावर आली. त्यानंतर चालकाच्या किमान वजनाचा नियम पुढे आला आणि हा खेळ बायकांसाठी धोक्याचा आहे असे म्हणत तिचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेण्यात आला. पुढे आली की हलकी म्हणून आणि मागे राहिली की अशक्त म्हणून, असा हा न्याय आहे. ताकदीबद्दल ज्यांना शंका आहे त्यांनी स्पेनच्या लाइया सान्झचे उदाहरण पाहावे. २०१५ च्या डकार रॅलीत, वाळूतून ४५० सीसीची जड गाडी रोज शेकडो किलोमीटर हाकत, ती सर्व मोटरसायकलस्वारांत नववी आली. आना कारास्कोने २०१८ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० चे जागतिक विजेतेपद पुरुषांबरोबर धावून एका गुणाने जिंकले. २०२० मध्ये सरावात तिचा पाठीचा कणा मोडला, आणि पुढच्याच वर्षी तिने पुन्हा शर्यत जिंकली.

आपल्या बहिणीला वजनापेक्षा जास्त त्रास स्प्रिंग देईल, आणि हे तिला कोणी सांगणार नाही. आपल्याकडच्या गाड्यांचे सस्पेन्शन भरलेल्या अंगाचा पुरुष आणि मागे बसणारे माणूस धरून बेतलेले असते. ४७ किलोंची मुलगी बसली तर मागची बाजू जेमतेम बसते, गाडी उंचच राहते, ब्रेक मारल्यावर मागचे चाक नाचते, आणि पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारे स्प्रिंगचे दांडे) पुरेसा दबत नसल्यामुळे टायरवर भार येत नाही. मी पहिल्या मोसमात एकाच वळणावर तीनदा पडले, पुढचे चाक घसरून. संघातले सगळे ‘घाबरून ब्रेक दाबते’ एवढेच म्हणत राहिले. त्या मालिकेत स्प्रिंग बदलायला परवानगी नव्हती, पण मामाने मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, दोन खाचा सैल केला आणि त्या वळणावरचे माझे पडणे थांबले. (हे श्रेय त्याचेच आहे, आणि तो ते दर दिवाळीला वसूलही करतो.) तेव्हा तिला पहिल्याच दिवशी सॅग मोजायला लावा, म्हणजे ती सीटवर बसल्यावर सस्पेन्शन किती खाली येते ते. व्यायाम करायचा तो दंडासाठी नव्हे, तर पोट, मान आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातासाठी, कारण ब्रेक दाबून दाबून तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर हात दगडासारखा होतो.

मुंबईच्या रस्त्यांवर मात्र ती काहीही शिकणार नाही. सी लिंक, अटल सेतू, पूर्व मुक्त मार्ग, कोस्टल रोड या साऱ्यांवर दुचाकीला बंदी आहे, आणि रात्री पाम बीच रोडवर धावणाऱ्या टोळक्यांना मी रेसर मानत नाही. चेन्नई, कोइम्बतूर किंवा बेंगळुरूच्या एखाद्या प्रशिक्षण वर्गात तिला पाठवा. स्पर्धेचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया देते, आणि राष्ट्रीय स्पर्धेत मुलींचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात तिने जरूर उतरावे, पण निकालाच्या कागदावर मुलग्यांच्या फेरीच्या वेळाही वाचाव्यात. मी दोन वर्षे त्या वाचल्या नाहीत आणि मुलींत पहिली येते म्हणून खूश राहिले.

आता पैसा. शर्यतीवरच घर चालवणाऱ्या भारतीय मुली बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये बाहा, म्हणजे खडबडीत रानवाटांवरच्या रॅलींच्या, विश्वचषकात महिलांचे विजेतेपद मिळवले आणि मोटरस्पोर्टमध्ये जागतिक विजेतेपद आणणारी ती पहिली भारतीय ठरली. पण ती रॅलीची वाट आहे, ट्रॅकची नव्हे. ट्रॅकवर २०२४ पासून महिलांची स्वतंत्र जागतिक मालिका सुरू आहे, सर्वांना सारखीच यामाहा आर७, आणि पहिले विजेतेपद कारास्कोनेच घेतले. तिथपर्यंत पोहोचायला प्रायोजक लागतो आणि तोवर पगाराची दुसरी नोकरी लागते. मी सहा मोसमांनंतर थांबले ते वजनामुळे नव्हे, तर रजा संपल्यामुळे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: माझे आकडे एका ट्रॅकवरचे, एका गाडीचे आणि एका दिवसाचे आहेत, आणि दुपारच्या उन्हात, शिसे बांधून धावले तेव्हा, टायर सकाळइतके चांगले राहिले नव्हते. मामाचा हा आक्षेप मी आजवर त्याच्यासमोर मान्य केलेला नाही. बहिणीसाठी गाडी मात्र इतक्यात विकत घेऊ नका. पहिले वर्ष प्रशिक्षण वर्गाची गाडी पुरते, आणि वाचलेल्या पैशांतून आधी चांगला लेदर सूट, पाठीचे प्रोटेक्टर आणि तिच्या मापाचे बूट घ्या. मुलींच्या मापाचे बूट लवकर मिळत नाहीत, आतापासूनच शोधायला लागा.