पोटरीत गोळा येतो : स्टेंट की चालणं?

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, रावेर तालुक्यात केळीची बाग. दीडदोनशे पावलं चालले की उजव्या पोटरीत गोळा येतो, थांबले की दोनतीन मिनिटांत जातो. शुगर आहे, बिडी ओढतात. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) मांडीच्या रक्तवाहिनीत अडथळा दिसला, स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) सुचवलाय. व्यायामाने भागेल का?

उत्तर : नुसतं उभं राहिल्यावर दुखणं जातं, म्हणजे ते रक्तपुरवठ्याचंच दिसतं, मणक्याचं असतं तर बसावं किंवा वाकावं लागलं असतं. रात्री पडल्यापडल्या पाय दुखत असेल, जखम भरत नसेल किंवा बोट काळं पडत असेल, तर व्यायामाची वाट पाहू नका. तसं काही नसेल तर आधी चालणं.

पण चालणं म्हणजे ‘दिवसभर बागेत फिरतोच की’ हे नव्हे. सपाट रस्त्यावर असा वेग धरा की तीनपाच मिनिटांत दुखू लागेल. तिथे न थांबता दुखणं बरंच वाढेपर्यंत चाला, मग पूर्ण जाईपर्यंत बसा, पुन्हा चाला. विश्रांती धरून सुरुवातीला ३० मिनिटं, पुढे ४५ ते ६०. आठवड्यातून निदान तीन दिवस, किमान १२ आठवडे. पहिल्या कळेलाच बसणारे बहुतेक इथेच फसतात. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत फायदा जास्त होतो. अडथळा तसाच राहतो; आहे त्या रक्तावर स्नायू जास्त काम करू लागतात. म्हणून चालणं सोडलं की फायदाही ओसरतो. मे महिन्यात खान्देशात उजाडतानाच निघा, आणि शुगर असल्याने अनवाणी अजिबात नको. सुरू करण्याआधी ईसीजी काढा, हृदयाच्या वाहिन्याही अरुंद असू शकतात.

स्टेंटने आराम लवकर पडतो, हे खरं. ओटीपोटातल्या मोठ्या वाहिनीत तो चांगला टिकतो. मांडीतली वाहिनी मात्र प्रत्येक पावलाला वाकते, पिळवटते, त्यामुळे तिथला स्टेंट पुन्हा अरुंद होण्याची शक्यता जास्त. ‘क्लेव्हर’ हा अमेरिकेतला अभ्यास (२०१२) तर ओटीपोटाजवळच्या अडथळ्यांवरच होता. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर देखरेखीत व्यायाम केलेले रुग्ण स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालले; दीड वर्षाने दोघे साधारण सारखे. आपल्याला बरं वाटतंय असं सांगण्यात मात्र स्टेंटवाले पुढे होते.

बिडी बंद, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू, हे दोन्ही मार्गांत सारखंच. स्टेंटआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा, वाहिनी दिसावी म्हणून टोचतात ती डाय मूत्रपिंडावर येते. १२ आठवडे नेटाने चालूनही बागेतलं काम अडत असेल, तर स्टेंटचा विचार जरूर करा. पाय अचानक पांढरा, गार पडून दुखू लागला तर त्याच तासाला दवाखाना गाठा.